पंपाचं टायमिंग

डिझेल गाडीचं टायमिंग बरोबर आहे की नाही, हे मुंबईत नीट कळत नाही. सिग्नल ते सिग्नल चालणारी गाडी थोडी जड वाटली तर आपण ट्रॅफिकला शिव्या घालतो, एसीला दोष देतो, आणि घरी येतो. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की मात्र सगळं उघडं पडतं. प्रतापगडाच्या वाटेवरची ती वळणं, मागे चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनसुद्धा गाडी जागच्या जागी कण्हतेय... तेव्हा समजावं की पंप कुठेतरी मागेपुढे झालाय.

आमचं आजोळ उमरठ. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. तानाजी आणि शेलारमामा, दोघांच्या समाध्या तिथे आहेत, आणि दरवर्षी माघ वद्य नवमीला गावात माणसं जमतात. पण आज तो इतिहास सांगायचा नाही, तो तुम्हाला पाठ आहे. आज सांगायचाय तो त्या गावात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पोटातला इतिहास. घरातल्या कुणाला कंटाळा आला तर त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर जावं, तिथे त्यांच्या कामाचं आहे. :-)

आधी टायमिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते तेव्हा पेट्रोल पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलची पिचकारी मारली की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे पिचकारी मारायची वेळ तीच पेटवायची वेळ. ती ठरवणारा दुसरा कुणी नाही, फक्त पंप. पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी पिचकारी सुरू झाली पाहिजे, कारण पेट घ्यायलाही क्षणभर लागतोच. किती आधी, ते क्रँकच्या अंशांत मोजतात.

हा क्षण केवढासा असतो बघा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १८,००० अंश. एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. गॅरेजमध्ये बनियनवर बसलेला माणूस पान्याने जे जमवतो ते एवढं असतं. मला याचं कौतुक कधी संपत नाही.

पिचकारी लवकर झाली तर डिझेल पिस्टन वर येत असतानाच भडकतं. ठोका ऐकू येतो, कडक, लोखंडी, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. गाडी सुरुवातीला तरतरीत वाटते, पण दाब नको तितका वाढतो आणि त्याची किंमत हेड गॅसकेट नाहीतर पिस्टन मोजतो. उशिरा झाली तर उलटं. सकाळी सुरू करताना पांढरा धूर, डोळे चुरचुरवणारा अर्धवट जळलेल्या डिझेलचा वास, चढाला ताकद नाही, काटा गरमकडे, आणि पाय दाबला की काळा धूर. घाटात गाडी ओढत नाही म्हणतात त्याची कारणं दहा असतात. एअर फिल्टर चोंदलेला असतो, डिझेल फिल्टर भरलेला असतो, क्लच घसरत असतो, पाइपातून हवा शिरत असते. टायमिंग हे त्यातलं एक, पण सगळ्यात शेवटी संशय येणारं.

आता हे यंत्र आपल्याकडे आलं कसं, तर त्याची कथा मोठी आहे, मी तिचं शेपूटच सांगतो. रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाचणीत यशस्वी झालं. पण त्याच्याकडे आजच्यासारखा पंप नव्हता. तो दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फेकायचा, आणि त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. कारखान्यात, जहाजात ठीक, पण मोटारीत हे धूड बसवणार कुठे? डिझेल स्वतः १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. त्याने आपलं इंजिन मोटारगाडीत धावताना पाहिलंच नाही. ती अडचण सुटली पंपामुळे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेलचा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला, आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझची २६०-डी ही डिझेल मोटार उभी राहिली. इंजिन डिझेलचं खरं, पण मोटारीत ते बसलं बॉशच्या पंपामुळे, असं माझं मत आहे.

या पंपाच्या आत एक दांडा एका नळीत खालीवर होतो. त्याला प्लंजर म्हणतात. प्लंजर आणि नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आपल्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन. तिथे वेगळं ऑइल जात नाही, डिझेलच तिथलं वंगण. म्हणून डिझेलमध्ये पाणी आलं की पंप मेला. (महाडकरांनो, यावर पुढे येतोच.)

मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. हे ज्ञान उमरठसारख्या गावात जर्मनीहून मोटारीत बसून आलं नाही. ते घाटावरून आलं, आणि मोटारीच्या बरंच आधी आलं. आंबेनळी चढून गेलं की सातारा जिल्हा. तिथे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, ते १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला याच कारखान्यातून बाहेर पडलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत). शाळेत आम्हाला त्यांचं नाव कुणी सांगितलं नाही, ना इंजिनवाले म्हणून, ना पंतप्रधान म्हणून. असो. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात खडकीला उभी राहिली, आणि विहिरीवर, गिरणीत, उसाच्या गुऱ्हाळावर डिझेल इंजिन दिसू लागलं.

वीज पोचायच्या आधी गावोगावच्या पिठाच्या आणि भाताच्या गिरण्या या इंजिनांवर चालायच्या. मोठं चाक, हँडल मारून सुरू करायचं, आणि मग लांबून ऐकू येणारं ते पुक्-पुक्-पुक्. एका सिलिंडरचं, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांचं संथ इंजिन. गिरणीवाल्याला त्याचं टायमिंग स्वतःला लावावं लागायचं, कारण त्यासाठी महाडहून कोण येणार? लिस्टरच्या प्रसिद्ध संथ इंजिनाचं, ज्याच्या नकला पुढे राजकोटला ढिगाने निघाल्या, टायमिंग होतं वरच्या टोकाच्या २० अंश आधी. ते बघायची रीत अगदी साधी. पंपाची वरची नळी काढायची, आतला व्हॉल्व्ह काढून ठेवायचा, आणि चाक हाताने हळूहळू फिरवायचं. आधी डिझेल वाहत राहतं. मग धार बारीक होते. मग थेंब थेंब. थेंब थांबायला आला तो क्षण, तिथे प्लंजरने भोक बंद केलं आणि दाब सुरू झाला. आता चाकावरची खूण बघायची, कमी-जास्त असेल तर पंपाखालचा स्क्रू फिरवायचा. बस्स. मीटर नाही, दिवा नाही, पुस्तकही नाही. डोळ्याला दिसणारा थेंब.

या थेंबाच्या रीतीने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं आहे. कारण गिरणीवर थेंब बघायला शिकलेल्या माणसाला जीपचा पंप परका वाटला नसणार. चार सिलिंडरच्या रांगेतल्या पंपात चार प्लंजर एका ओळीत, खाली कॅम. पण पहिल्या नंबरचं टायमिंग लावायची रीत हीच. पहिली नळी काढा, वाकडी बारीक नळी लावा, फ्लायव्हील फिरवा, थेंब मोजा. जुन्या चार सिलिंडरच्या मर्सिडीझ डिझेल गाड्यांच्या पुस्तकात हा आकडा २४ अंश आहे. गिरणीचं २०, मर्सिडीझचं २४. मधलं अंतर फार नाही! :-)

आणि मर्सिडीझचं नाव मी उगाच घेतलं नाही. त्याच घराण्याचं इंजिन आपल्या काळ्या-पिवळ्या गाड्यांत होतं. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पोने डायमलर-बेंझचं ओएम-६१६ हे इंजिन परवान्याने बनवलं, आणि ते आधी मॅटॅडोरमध्ये, मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस ट्रॅक्समध्ये घातलं. (बजाज टेम्पोचं २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं.) महाड-पोलादपूरच्या स्टँडबाहेर उभ्या असणाऱ्या, तेरा-चौदा माणसं आत आणि दोन मागे लोंबकळत घेऊन जाणाऱ्या त्या ट्रॅक्समध्ये श्टुटगार्टची टॅक्सी धडधडत होती, हे आत बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? महिंद्राने जीपसाठी फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन घेतलं. हिंदुस्थान मोटर्सने १९८०च्या आसपास अँबॅसेडरमध्ये १,४८९ सीसीचं डिझेल घातलं. प्रीमियरने पद्मिनीची १३७-डी काढली. टाटांची सुमो १९९४ ची. सुमंत मुळगावकरांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरं घेऊन ते नाव झालं. आणि ज्यांना हे नवं घेणं परवडत नव्हतं ते जुन्या पेट्रोल जीपमध्ये मॅटॅडोरचं इंजिन बसवून घ्यायचे. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. सरकारने त्याचा भाव बांधून ठेवला होता, तो पूर्ण मोकळा झाला ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्या फरकावर कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या.

पंप मात्र या सगळ्यांत बहुतेक एकाच घरचा. बॉशने १९५१ मध्ये भारतात कंपनी काढली, मोटर इंडस्ट्रीज, म्हणजे आपली ‘मायको’. कारखाना बंगळुरूला, आणि पुढे नाशिकला सातपूरमध्ये इंजेक्टर आणि नोझलचा कारखाना. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजच्या पाट्यांवर अजून कुठे कुठे ‘मायको’ वाचायला मिळतं. नाशिकचं नोझल, बंगळुरूचा पंप, आकुर्डीचं इंजिन आणि पोलादपूरचा मिस्त्री. एवढी साखळी जुळली की उमरठचं आजारी माणूस महाडच्या दवाखान्यात पोचायचं. हे मी अलंकारिक म्हणत नाहीये. रात्री एसटी नसते. गावातल्या ज्याची गाडी सुरू होते त्याच्याच दारात लोक येतात. पावसाळ्यात पहाटे चारला पांढरा धूर सोडत, तीनदा सेल्फ मारून बंद पडणारी गाडी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

पुढे पंप बदलला. रांगेतला पंप जड आणि महाग, लहान मोटारीला न परवडणारा. बॉशने १९७०च्या दशकाच्या मध्यात व्हीई नावाचा गोल पंप काढला. त्यात चार सिलिंडरना मिळून एकच प्लंजर. तो फिरतोही आणि मागेपुढेही होतो, आणि फिरता फिरता आळीपाळीने एकेका नळीला डिझेल देतो. आतच एक छोटा पिस्टन असतो. इंजिनाचा वेग वाढला की पंपातला दाब वाढतो आणि तो पिस्टन टायमिंग आपोआप पुढे सरकवतो. आपल्याकडे घराघरात हा पंप पोचला तो १९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाबरोबर. पुण्यात बनलेली, १,४०५ सीसीची. तिच्या इंजिनाचं नाव ४७५, म्हणजे चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटरचा बोअर. काय सरळ नाव! आमच्या नात्यात एका वेळी चार इंडिका होत्या.

या गोल पंपाने थेंब मात्र बंद केला. इथे टायमिंग बघायचं तर पंपाच्या मागच्या बाजूला, चार नळ्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, तो काढून तिथे डायल गेज लावायचा. पहिला पिस्टन बरोबर वर आणायचा आणि तोवर प्लंजर किती सरकला ते वाचायचं. बहुतेक गाड्यांत हा आकडा एक मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे असतो. आकडा चुकला तर पंपाचे बोल्ट सैल करून सगळा पंपच किंचित फिरवायचा. बोल्टांची भोकं त्यासाठीच लांबट ठेवलेली असतात. शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला पंप फिरवला की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेला फिरवला की मागे.

किती फिरवायचा, याचा हिशोब एकदा करून बघाच. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. बोल्ट मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर तिथे एक मिलिमीटर सरकणं म्हणजे क्रँकचे सव्वादोन अंश. दोन मिलिमीटरने चुकलं की साडेचार अंश गेले. आणि बेल्टचा एक दाता चुकला तर? पंपाच्या चाकाला ४० दाते धरले तर एका दात्याला पंपाचे ९, म्हणजे क्रँकचे १८ अंश! तेवढं चुकलं तर गाडी घाटात नाही, दारातच भांडते.

आमच्याकडच्या एका जुन्या डिझेल गाडीला हेच दोन मिलिमीटर नडले होते. (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, गाडीचा काही दोष नव्हता.) पंपाच्या सीलमधून डिझेल गळत होतं म्हणून शहरातल्या एका गॅरेजने पंप काढून सील बदललं आणि परत बसवला. गळती थांबली. सपाटीला गाडी छान. पण आंबेनळीत दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यावं लागायचं आणि सकाळी दारात पांढरा ढग. मग सुरू झाला नेहमीचा खेळ. एकाने फिल्टर बदलले. दुसऱ्याने नोझल काढून मशिनवर तपासले आणि चारही बदलायला लावले. धूर तसाच.

पोलादपूरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी गेली तेव्हा त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. मामाला म्हणाले, “दादा, गाडी आज इथं ठेवा. सकाळी गार असताना मी स्वतः चालू करीन.” सकाळी चालू केली, धुराचा वास घेतला, लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. मग चिंधीने पंपाचा फ्लँज पुसला आणि बॅटरी मारली. बोल्टाच्या वॉशरशेजारी चंद्रकोरीसारखी एक चकचकीत पट्टी दिसत होती. वॉशर पूर्वी जिथे दाबून बसायचा तिथला तो ठसा, आणि आता वॉशर त्याच्या बाजूला सरकलेला. “पंप आपल्या जागी नाय बसलेला,” एवढंच म्हणाले. त्यांनी नळ्यांचे नट सैल केले, बोल्ट सैल केले, आणि वॉशर जुन्या ठशावर येईपर्यंत पंप फिरवला. गेज आणून आकडा बघितला, किंचित हलवला, पुन्हा बघितला. दोनदा इंजिन पूर्ण फिरवून तिसऱ्यांदा बघितला. मग नळ्या आवळून एअर काढली आणि सेल्फ मारला. धूर नाही असं नाही, पण ढग गेला होता. मजुरी घेतली ती एका नोझलच्या किमतीपेक्षा कमी.

यात मला आवडलं ते हे की त्यांनी कान आणि गेज दोन्ही वापरलं. कानाने दिशा सांगितली, आकडा गेजने ठरवला. हे सांगायचं कारण, आपल्याकडे जुन्या मिस्त्रींवर लिहिताना लोक फार हळवे होतात. ‘नुसत्या आवाजावर टायमिंग लावायचे’ वगैरे. लावायचे, खरं आहे. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी इंजिनांची वाट लावली, हेही खरं आहे. घाटातले ड्रायव्हर म्हणायचे, “जरा टायमिंग वाढवा, पिकअप येऊ दे.” मिस्त्री वाढवायचा. गाडी उड्या मारायची, ड्रायव्हर खूश, आणि दोन पावसाळ्यांत हेड उतरायचं. त्याच्या जोडीला पंपाचा सील तोडून डिझेल वाढवायचं, म्हणजे प्रत्येक पिचकारीत जास्त इंधन. टायमिंग वेगळं आणि डिझेल वेगळं, हे न कळणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले. काळा धूर सोडत जाणारी जीप म्हणजे ताकद, अशी एक समजूतच होती. तो धूर मागच्या एसटीतली पोरं गिळत होती. शिवाय लवकर लावलेल्या टायमिंगमुळे होणारे नायट्रोजनचे विषारी वायू डोळ्यांना दिसतही नाहीत.

बरं, घाटाचीही एक बाजू आहे. पोलादपूर नदीकाठचं, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. पंपाला हे कळत नाही, तो खालच्याइतकंच डिझेल वर देत राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून वर पोचता पोचता चांगल्या गाडीलाही थोडा काळा धूर येतोच. त्यावर टायमिंग वाढवणं म्हणजे तापावर खोकल्याचं औषध. कशेडी घाट लहान, तिथे हा फरक जाणवत नाही. (आता तर कशेडीला बोगदा झालाय.) त्यामुळे खेडकडे जाऊन-येऊन ‘गाडी ठीक आहे’ म्हणणारा आणि प्रतापगडाकडे जाऊन ‘गाडी ओढत नाही’ म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात.

नंतर हे सगळं प्रकरणच संपलं. १९९७ मध्ये युरोपात कॉमन रेलच्या मोटारी आल्या. त्यात पंप फक्त दाब तयार करतो, पिचकारी कधी मारायची ते संगणक ठरवतो, एका वेळी दोन-तीन छोट्या पिचकाऱ्यासुद्धा मारतो, आणि वर गेल्यावर हवा पातळ झाली हेही त्याला सेन्सर सांगतो. आपल्याकडे २००२ नंतर एकेक गाडी तशी आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने तर डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. इंडिका २०१८ मध्ये बंद झाली, सुमो २०१९ मध्ये. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नव्या गाडीमागे उभं राहून श्वास घेता येतो. पण गॅरेजमधल्या पोराला आता टायमिंगचा प्रश्नच पडत नाही. तो स्कॅनर लावतो, कोड वाचतो. त्याच्यासमोर जुना गोल पंप ठेवला तर तो काढू शकतो, बसवूही शकतो, पण ‘बरोबर’ बसवणं म्हणजे काय हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

आणि जुन्या गाड्या संपलेल्या नाहीत. १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून, पर्यावरण कर भरून लोक त्या चालवताहेत, कारण महिन्यातून चारदा महाडला जायला कुणी नवी गाडी घेत नाही. त्यात जुलै २०२१ चा महाडचा पूर. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि गाड्या बुडाल्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर उत्साहाने चावी फिरवली, त्यांच्या पंपात टाकीतलं पाणी ओढलं गेलं. दोन-तीन मायक्रॉनची फट, त्यात गाळाचं पाणी, मग चार दिवसांत गंज. असा पंप टायमिंग लावून सुधारत नाही, तो उघडून टेस्ट बेंचवरच न्यावा लागतो. पण त्यातला एखादा बेंचवरून दुरुस्त होऊन परत आला, की तो गाडीवर बसवताना पुन्हा तोच प्रश्न. दोन मिलिमीटर इकडे की तिकडे?

पोलादपूरच्या त्या मिस्त्रींनी गेज आता भाच्याकडे दिलंय. भाचा दुचाक्या दुरुस्त करतो. मामा म्हणतो की गेज कपाटात तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेलं आहे, आणि वर्षाकाठी एखाद-दुसरी डिझेल गाडी आली की मिस्त्री खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि भाच्याकडून लावून घेतात.

तर गणपतीला जुनी डिझेल घेऊन येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. कुठल्याही कारणाने पंप काढायची वेळ आली, तर काढायच्या आधी फ्लँज पुसून पंप आणि इंजिन या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ खिळ्याने ओढून ठेवा. मोबाइलने तिचा फोटोही काढा. बेल्ट उतरवणार असतील तर चाकांवरच्या खुणांना रंग लावायला सांगा. पंप परत चढल्यावर रेघेला रेघ मिळाली का, ते स्वतः वाकून बघा. आणि तेवढ्यानेही सकाळचा पांढरा धूर गेला नाही, तर नोझल बदलायला हो म्हणायच्या आधी विचारा, “गेज लावून बघितलंत का?”